प्रयोगशाळेतले काम आणि पेपरवरचे नाव

वाचकाचे पत्र, थोडक्यात: एम.एस्सी. झाल्यापासून सहा वर्षे एका विद्यापीठाच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत तंत्रसाहाय्यक म्हणून काम करणाऱ्या एका वाचकाने हे पत्र पाठवले आहे. उंदरांची हाताळणी, मेंदूचे काप काढणे, स्टेनिंग (काप रंगवणे), कन्फोकल सूक्ष्मदर्शकावरची छायाचित्रे, रसायनांच्या मागण्या आणि नव्या विद्यार्थ्यांना शिकवणे ही सगळी कामे त्या पाहतात. एका पोस्टडॉकच्या (पीएच.डी.नंतर ठरावीक मुदतीने काम करणाऱ्या संशोधकाच्या) प्रकल्पात उंदरांच्या वर्तन-चाचण्यांचे आकडे फार विखुरलेले येत होते. उंदरांना शेपटीने उचलणे थांबवून नळीतून न्यावे, असे त्यांनी सुचवले, सगळ्यांकडून ती सवय करून घेतली आणि त्यानंतर आकडे स्थिरावले. आता त्या प्रकल्पावरच्या पेपरचा, म्हणजे शोधनिबंधाचा, मसुदा तयार आहे. त्यात त्यांचे नाव लेखकांमध्ये नाही, शेवटच्या आभारांत 'तांत्रिक साहाय्य' या शब्दांसह आहे. लेखकत्व बौद्धिक योगदानासाठी असते, हातांच्या कामासाठी नसते, असे एका सहकाऱ्याने त्यांना समजावले. त्याच आठवड्यात लॅबप्रमुखांनी त्यांना याच प्रयोगशाळेत पीएच.डी.ची जागा देऊ केली. त्या विचारतात, "इथे सगळे घरच्यासारखे आहेत, नावासाठी भांडणे मला क्षुद्र वाटते. पीएच.डी.शिवाय आपल्याला कोणी गंभीरपणे घेणार नाही हे मान्य करून जागा स्वीकारू, की गप्प राहून दुसरी नोकरी शोधू?"

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. झालेल्या कामाचे श्रेय मिळायला हवे की नाही, हा पहिला. पुढची काही वर्षे कशात घालवायची, हा दुसरा. पहिल्याला मुदत आहे, कारण पेपर जर्नलकडे जाण्यापूर्वी तो सुटलेला बरा. दुसऱ्याला तशी मुदत नाही. लॅबप्रमुखांकडून दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात समोर आल्याने एक दुसरीची भरपाई असल्याचा भास होतो आहे, आणि या भासातून घेतलेला निर्णय पुढे फार महाग पडतो. म्हणून आधी पहिल्या प्रश्नाबद्दल बोलू.

तुमच्या सहकाऱ्याने हात आणि बुद्धी यांच्यात जी रेघ ओढली, ती तुम्ही फारशी तपासून न पाहता स्वीकारलीत असे पत्रावरून वाटते. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय घडते ते तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. गाढ भूल दिलेल्या उंदराच्या हृदयातून आधी क्षारद्रावण आणि मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, म्हणजे ऊती टिकवून धरणारे रसायन, सोडले जाते. यकृताचा लाल रंग फिका पडला की रक्त नीट निघून गेल्याचे कळते. तो फिका पडला नाही, तर पुढच्या अनेक दिवसांचे काम तिथेच बिघडलेले असते, कारण वाहिन्यांत उरलेल्या रक्तपेशी नंतर सूक्ष्मदर्शकाखाली नको तिथे चमकतात. मग काढलेला मेंदू ३० टक्के सुक्रोजच्या द्रावणात तळाशी जाईपर्यंत वाट पाहायची, तो गोठवून ४० मायक्रोमीटर जाडीचे काप काढायचे आणि द्रावणात तरंगणारा एकेक काप बारीक कुंचल्याने, न फाटता आणि घडी न पडता, काचपट्टीवर पसरायचा. या वाटेवर दर थोड्या वेळाने निर्णय घ्यावे लागतात. कोणता काप बाद करायचा, समोर दिसणारी चमक अँटिबॉडीची (हवा तो रेणू शोधून त्याला चिकटणाऱ्या प्रथिनाची) आहे की ऊतीची स्वतःची, एखाद्या उंदराचे नमुने मोजणीतून वगळायचे असतील तर ते कोणत्या कारणाने, आणि ते कारण निकाल पाहण्याआधी ठरले होते की नंतर, हे सगळे त्यात येते. ज्याला हे निर्णय नीट घेता येत नाहीत, त्याच्या आकडेवारीवर पुढे कितीही हुशार माणसाने काम केले तरी तिच्यातून खरे काही निघत नाही.

तुम्ही नळीची सूचना केलीत, ती तर निव्वळ कौशल्याच्याही पलीकडची गोष्ट आहे. जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट या संशोधकांनी २०१० साली 'नेचर मेथड्स' या जर्नलमध्ये दाखवून दिले की शेपटीने उचललेले उंदीर अधिक भेदरलेले वागतात, आणि नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर माणसाला लवकर सरावतात. त्याच जर्नलमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की प्रयोग करणारी व्यक्ती पुरुष असेल, तर नुसत्या तिच्या वासाने उंदरांमध्ये ताण निर्माण होतो आणि त्यामुळे वेदनेची प्रतिक्रिया दबते. हे निष्कर्ष मेंदूविज्ञानातल्या सगळ्यांनीच मनावर घ्यावेत असे आहेत, कारण उंदीर कोणी उचलला आणि कसा उचलला, यावर मोजमाप बदलते हे त्यांतून दिसते. विखुरलेल्या आकड्यांमागचे संभाव्य कारण ओळखणे, त्यावर उपाय सुचवणे आणि तो अमलात आणून फरक पडतो का ते पाहणे, या कामाला माझ्या मते बौद्धिक योगदानाखेरीज दुसरे नाव देता येत नाही. तुमच्या सहकाऱ्याची कसोटी मान्य केली, तरी त्या कसोटीवर तुम्ही उतरता.

या क्षेत्राच्या इतिहासातले एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. एका सूक्ष्म गोलकृमीच्या संपूर्ण चेतासंस्थेचा, म्हणजे त्याच्या ३०२ चेतापेशींचा आणि त्यांच्यातल्या जोडण्यांचा, नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला. आज ज्याला कनेक्टोम म्हणतात, त्याची ही सुरुवात होती. अतिपातळ कापांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली हजारो चित्रे, आणि त्या चित्रांतून एकेक धागा एका कापातून पुढच्या कापात हाताने शोधत जाणे, असे ते वर्षानुवर्षे चाललेले काम होते. त्या पेपरवर चार नावे आहेत: जॉन व्हाइट, आयलीन साउथगेट, निकोल थॉमसन आणि सिडनी ब्रेनर. साउथगेट प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करत होत्या आणि चित्रांतून धागे जुळवण्याचे काम त्यांनी केले. थॉमसन यांचे काम काप काढण्याचे आणि सूक्ष्मदर्शकाचे होते. ब्रेनर यांना पुढे, २००२ साली, कृमीवरच्याच दुसऱ्या कामासाठी नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्या यादीत साउथगेट यांचे नाव दुसरे आहे. 'तांत्रिक साहाय्य' म्हणून त्यांना आभारांत टाकता आलेच असते, पण धागे जुळवणे हाच त्या संशोधनाचा गाभा आहे हे तिथल्या माणसांना दिसत होते.

आता नियमांकडे येऊ, कारण केवळ भावनेच्या आधारावर बोलायला गेलात तर तुमची बाजू कमकुवत पडेल. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई या नावाने ती ओळखली जाते, आणि तिच्या शिफारशी वैद्यकाबाहेरची अनेक जर्नलेही प्रमाण मानतात. लेखक म्हणवून घेण्यासाठी त्यांत चार अटी आहेत आणि चारही पूर्ण व्हाव्या लागतात: संकल्पनेत वा रचनेत, किंवा माहिती मिळवण्यात, तिचे विश्लेषण करण्यात वा अर्थ लावण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तो चिकित्सकपणे तपासण्यात सहभाग, अंतिम स्वरूपाला मान्यता, आणि कामाच्या खरेपणाबद्दल उत्तरदायी राहण्याची तयारी. पहिल्या अटीत माहिती मिळवणे हे स्पष्टपणे आलेले आहे. अनेक प्रयोगशाळांमध्ये तंत्रसाहाय्यक अडतात ते दुसऱ्या अटीवर, कारण त्यांना मसुदा वाचायलाच दिला जात नाही आणि मग 'लेखनात यांचा सहभाग नव्हता' असे कारण पुढे येते. हा प्रकार त्याच शिफारशींना मान्य नाही. ज्याने पहिली अट पूर्ण केली, त्याला मसुदा तपासण्याची आणि मान्यता देण्याची संधी मिळायला हवी, संधी नाकारून त्याला अपात्र ठरवू नये, असे त्यांत लिहिलेले आहे.

त्यामुळे तुमची पहिली मागणी लेखकत्वाची नसावी. मसुदा मागा, तो बारकाईने वाचा आणि लेखी टिपणे द्या. पद्धतीच्या विभागात उंदरांच्या हाताळणीबद्दल काय लिहिले आहे, हाताळणी बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे उंदीर एकत्र मोजले आहेत का, हा बदल मजकुरात नमूद केला आहे का, हे तुमच्याइतके नेमके दुसरे कोणी तपासू शकणार नाही. नळीचा वापर मध्येच सुरू झाला आणि पेपरमध्ये त्याचा उल्लेखच नसेल, तर तो निव्वळ तुमच्या नावाचा प्रश्न राहत नाही. वाचणाऱ्याला निकालांवर कितपत विश्वास ठेवता येईल हेही त्यावर ठरते, आणि असा मुद्दा जर्नलच्या समीक्षकाने काढण्याआधी घरातच निघालेला लॅबप्रमुखांनाही हवा असतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेपरवर तुमचे नाव असावे असे यातून सिद्ध होत नाही. दुसऱ्याने आखून दिलेल्या पद्धतीने नेहमीचेच थोडे काप काढून दिले, मागणी करून अँटिबॉडी मागवली, सूक्ष्मदर्शक कसा चालवायचा ते दाखवले, इतकाच वाटा असेल तर त्याची जागा आभारांतच आहे. गेल्या सहा वर्षांतल्या सगळ्या पेपरांचा हिशोब या एका संभाषणात मांडू नका. ज्या पेपरबद्दल तुमची बाजू स्पष्ट आहे, त्याच्याबद्दलच बोला.

बोलायचे कोणाशी, हाही विचार हवा. लॅबप्रमुखांना बहुधा तयार आकृत्या आणि लॅब मीटिंगमधली स्लाइड दिसते. कापांच्या पेटीवर कोणाचे हस्ताक्षर आहे हे त्यांना दिसत नाही. तुमचे योगदान मुद्दाम दडपले गेले, असे गृहीत धरण्यापूर्वी ते त्यांच्यापर्यंत पोहोचले होते का, हे पाहायला हवे. म्हणून आधी पोस्टडॉकशी एकट्याने बोला. तिचा किंवा त्याचा करार ठरावीक मुदतीचा असतो, पुढची नोकरी पुष्कळदा याच पेपरवर अवलंबून असते, आणि लेखकांच्या यादीला कोणी हात लावतो म्हटल्यावर पहिली भीती स्वतःच्या जागेची वाटते. ती भीती सुरुवातीलाच काढून टाकता येते, कारण मेंदूविज्ञानात प्रथेनुसार पहिले नाव मुख्य काम करणाऱ्याचे आणि शेवटचे लॅबप्रमुखांचे असते. मधल्या नावांत एकाची भर पडल्याने या दोघांचे काहीही कमी होत नाही. बोलणे साधारण असे असू शकते: "मसुद्यात माझे नाव आभारांत आहे. वर्तन-चाचण्यांची हाताळणी बदलण्याची कल्पना माझी होती आणि आकृत्यांमधले सगळे स्टेनिंग आणि छायाचित्रे मी केली आहेत, त्यामुळे लेखकांत माझे नाव असावे असे मला वाटते. मला मसुदा वाचून टिपणे द्यायची आहेत. आपण दोघे मिळून सरांशी किंवा मॅडमशी बोलू या का?" या बोलण्यात कोणावर आरोप नाही, तक्रार नाही, आणि समोरच्याला तुमच्या बाजूने उभे राहण्याची संधीही आहे.

हे बोलायला जाण्यापूर्वी प्रयोगवही उघडा आणि एका कागदावर लिहून काढा: कोणत्या आकृतीतला कोणता भाग तुम्ही केला, कोणत्या तारखेला काय सुचवले, त्यानंतर काय बदलले. 'क्रेडिट' नावाची १४ भूमिकांची एक वर्गवारी आज बरीच जर्नले वापरतात. संकल्पना, पद्धत, प्रत्यक्ष प्रयोग, पडताळणी, माहितीची निगा, विश्लेषण, लेखन, देखरेख, निधी मिळवणे अशा भूमिकांपुढे तिच्यात प्रत्येकाचे नाव लिहायचे असते. तो तक्ता पोस्टडॉकबरोबर बसून भरा. 'माझे नाव घाला' असे म्हणण्यापेक्षा 'पद्धत आणि प्रयोग यांच्यापुढे कोणाची नावे लिहायची' असे विचारणे दोघांनाही सोपे जाते, आणि त्या रकान्यात तुमचे नाव येत असेल तर ते वरच्या यादीत का नाही, याचे उत्तर ज्याचे त्यालाच शोधावे लागते. हे सगळे पेपर पाठवण्यापूर्वी व्हावे. नंतर नाव वाढवायचे झाल्यास जर्नल सर्व लेखकांची लेखी संमती आणि कारण मागते, आणि तेव्हा साधी दुरुस्तीही संशयास्पद दिसू लागते.

भांडणे क्षुद्र वाटते, असे तुम्ही लिहिता, आणि इथे सगळे घरच्यासारखे आहेत हे त्याचे कारण देता. प्रयोगशाळेत रात्री-अपरात्री एकत्र काम केलेल्या माणसांमध्ये जिव्हाळा निर्माण होतो, तो खरा असतो आणि जपण्याजोगाही असतो. तरीही प्रयोगशाळा हे कामाचे ठिकाण आहे. पोस्टडॉक पेपर घेऊन पुढच्या विद्यापीठात जाईल, लॅबप्रमुख त्या पेपरच्या आधारावर पुढचे अनुदान मागतील, विद्यार्थ्यांना त्यातून पदवी मिळेल. सहा वर्षांनी तुमच्या हाती काय असेल, हा प्रश्न विचारण्यात कोतेपणा नाही. तुम्ही गप्प राहिलात तर तुमच्यानंतर त्या टेबलाशी बसणाऱ्या मुलीला हीच प्रथा 'इथे असेच असते' म्हणून सांगितली जाईल, याचाही विचार करा.

समजा, सगळे नीट सांगूनही नकार आला. तर त्याचे कारण विचारा आणि झालेले बोलणे थोडक्यात, शांत शब्दांत ईमेलवर लिहून पाठवा. बहुतेक विद्यापीठांत संशोधननीतीचे कार्यालय किंवा तक्रार ऐकणारा अधिकारी असतो. तिथे गोपनीय सल्ला घेणे म्हणजे तक्रार नोंदवणे नव्हे, आणि तो सल्ला जरूर घ्या. औपचारिक तक्रारीबद्दल माझे मत सावध आहे. पहिल्याच वेळी, एका मधल्या नावासाठी, ज्यांच्या शिफारसपत्रावर तुमची पुढची वाट अवलंबून आहे त्यांच्याविरुद्ध ती करू नये असे मला वाटते. पण कारण पटण्याजोगे नसेल आणि हेच दुसऱ्या पेपरच्या वेळीही घडले, तर ती प्रयोगशाळा सोडण्यात शहाणपण आहे, आणि तेव्हा तुम्ही गप्प राहून निघून जात नसाल. उंदरांच्या हाताळणीतला हा बदल आणि त्याचा परिणाम यांवर पद्धतीविषयीचा एक छोटा स्वतंत्र लेख तुमच्या पहिल्या नावाने लिहिता येईल का, हेही लॅबप्रमुखांना विचारा. मुख्य पेपरवरचा हक्क सोडून मात्र तो स्वीकारू नका.

आता पीएच.डी.कडे वळू. तिच्याशिवाय कोणी गंभीरपणे घेणार नाही, हे तुमचे वाक्य मी दोनदा वाचले. ते पूर्ण खोटे आहे असे म्हणणार नाही. स्वतःची प्रयोगशाळा उभी करायची असेल, स्वतःच्या नावाने अनुदान मागायचे असेल, तर पदवी लागते. पण दुर्लक्षावर औषध म्हणून पीएच.डी. घेतलेल्या माणसाच्या वाट्याला काय येते, याचा विचार करा. देशानुसार तीन ते सहा वर्षे, कधी अधिक, असा काळ जातो. त्यातला मोठा भाग न चालणाऱ्या प्रयोगांत जातो, आणि त्या काळात माणसाला टिकवून धरतो तो स्वतःचा प्रश्न. स्मृती कशी साठते, वेदना दीर्घकाळ का टिकते, झोपेत मेंदू काय करतो, असे काहीतरी जे तुम्हाला सोडत नाही. तुमच्या पत्रात अन्यायाबद्दल पुष्कळ आहे आणि उंदरांबद्दल अतिशय बारकाईने लिहिले आहे, पण कोणत्या प्रश्नाच्या मागे जायचे आहे ते एकदाही आलेले नाही. कदाचित पत्राचा विषय तो नव्हता म्हणून राहिले असेल. तसे असेल तर उत्तमच. नसेल, तर पुढचे काही महिने एक वेगळी वही ठेवा आणि काम करताना मनात आलेले प्रश्न तिच्यात लिहा, लॅब मीटिंगमध्ये एकदा दुसऱ्या कोणाच्या आकडेवारीऐवजी त्यांतला एखादा प्रश्न मांडा, आणि ते मांडताना तुम्हाला काय वाटते ते पाहा.

कदाचित तुम्हाला असेही उमगेल की तुमचे मन पद्धतीतच रमते: काप, प्रकाश, हाताळणी, मोजमाप अचूक करणे. तसे असेल तर पीएच.डी. न करणे म्हणजे मागे राहणे नव्हे. विद्यापीठांच्या सामायिक सूक्ष्मदर्शन केंद्रांत, प्राणिगृहांच्या व्यवस्थापनात आणि मोठ्या संशोधनसंस्थांतल्या कायम तज्ज्ञपदांवर अशा माणसांची गरज असते, आणि तिथे अनेक प्रयोगशाळांचे प्रश्न तुमच्या टेबलावर येतात. काही ठिकाणी अशा पदांनाही पदवी मागतात, म्हणून जाहिराती आताच वाचायला लागा.

जागा स्वीकारायची असे ठरलेच, तर ती याच प्रयोगशाळेत असावी का, याबद्दल माझा कल नकाराकडे आहे. जिथे सहा वर्षे 'अँटिबॉडी कुठे ठेवली आहे' हे तुम्हालाच विचारले गेले, तिथे तुम्ही विद्यार्थिनी झाल्यावरही ते तुम्हालाच विचारले जाईल, आणि तुमच्या प्रबंधाचे काम संध्याकाळी पाचनंतर सुरू होईल. याला अपवाद एकच: लॅबप्रमुख तुमच्या सध्याच्या कामासाठी दुसऱ्या व्यक्तीची नेमणूक करायला तयार असतील, सोपवणुकीची तारीख लेखी देत असतील, आणि प्रबंधाचा विषय तुमचा असेल. हे तिन्ही विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. उत्तर टाळाटाळीचे आले, तर दुसऱ्या विद्यापीठातल्या मार्गदर्शकांना लिहा. सहा वर्षांचा हाताळणीचा आणि सूक्ष्मदर्शनाचा अनुभव असलेली विद्यार्थिनी कोणत्याही प्रयोगशाळेला हवी असते.

अशीच अडचण असलेले इतरही हे वाचत असतील: नमुन्यांची लेबले झाकून महिनोन्‌महिने पेशी मोजणारे पदवीचे विद्यार्थी, विश्लेषणाचा प्रोग्रॅम लिहून देणारे, प्राणिगृहात रोज उंदरांची तब्येत पाहणारे. तुम्ही प्रकल्पात शिरतानाच, काम सुरू होण्यापूर्वी, 'यातून पेपर झाला तर माझा वाटा कसा धरला जाईल' हे विचारून घ्या. तो प्रश्न सुरुवातीला विचारला तर माहितीचा वाटतो, शेवटी विचारला तर मागणीचा. आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्यांना एक विनंती: हा प्रश्न विचारण्याची वेळ सगळ्यांत कनिष्ठ माणसावर आणू नका. नव्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत तो तुम्हीच काढा, आणि काम बदलले की पुन्हा काढा.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. या आठवड्यात प्रयोगवहीवरून तो कागद तयार करा आणि पोस्टडॉककडे मसुदा मागा. लॅबप्रमुखांना कळवा की पीएच.डी.च्या प्रस्तावाबद्दल तुम्ही आभारी आहात आणि पेपर जर्नलकडे गेल्यानंतर महिनाभरात उत्तर द्याल. नावाबद्दलच्या बोलण्याला ते कसा प्रतिसाद देतात, यावरून त्यांच्या हाताखाली पुढची काही वर्षे काढावीत का, हे तुम्हाला बरेचसे कळेल.